साडेनऊचा चहा

विनी ट्रेलोर सापांना घाबरत नव्हती असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं. घाबरायची, चांगलीच घाबरायची. पण भीतीपायी कामाची खोटी होऊ द्यायची नाही, एवढं मात्र तिनं जन्मभर सांभाळलं. डार्लिंग नदीच्या पश्चिमेला एका कुरणावरून दुसऱ्यावर जायचं तर अर्धा दिवस ट्रक हाकावा लागतो. त्या मुलखात मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर ती सव्वीस वर्षं स्वयंपाकीण म्हणून हिंडली.

विष म्हणून जे जे काही त्या मातीत राहतं, त्यातल्या बहुतेकांनी तिची चव घेतलेली होती. बैलमुंग्या तर दरसाल. एकदा पाऊल इतकं सुजलं की बुटात जाईना. तेव्हा बाईनं एक पाय गार पाण्याच्या बादलीत ठेवून बारा माणसांचं मटण भाजलं. संडासाच्या बैठकीखाली लाल पाठीचा कोळी दबा धरून बसतो, म्हणून आधी काठी फिरवल्याशिवाय ती बसायची नाही. लेन मुडी नावाचा नवा गडी या काठीला खदाखदा हसला होता. चौथ्या दिवशी त्याला चावायचं तिथंच चावलं, आणि पुढचे तीन दिवस तो उभ्यानं जेवला. विनीनं त्याला बर्फ दिला आणि वर सुनावलंही. "काठी फिरवायला काय हात दुखत होते तुझे?"

सापांची तिची रीत वेगळी. मारायला धावायचं नाही. चुलीखाली साप निघाला तर दोन्हीकडची दारं सताड उघडायची आणि भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं.

"वाट मोकळी मिळाली की जातो बिचारा," ती म्हणायची. "माझा नवराही असाच गेला."

दर हंगामाच्या पहिल्या दिवशी जेवणं उरकली की ती नव्या गड्यांना बाकावर बसवायची. केल ब्रॅमिच म्हणून एक जुना कातरणारा होता, चौदा वर्षांचा तिचा सोबती. त्याला जमिनीवर आडवा घालून त्याच्या पायाला बोटांपासून मांडीपर्यंत पट्टी गुंडाळून दाखवायची. साप चावला की जिथं असाल तिथं आडवं व्हायचं. घट्ट पट्टी, वर काठीचा आधार, आणि एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. चाललात की विष चाललं. केल डोळे मिटून मेल्याचं सोंग करायचा आणि विनी त्याला लाथ मारून उठवायची. गेल्या चौदा वर्षांत हे चुकलं नव्हतं.

आता तिच्या नोकरीचं सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथं होतं. त्या टोळ्यांत स्वयंपाकी कोण हे मुकादम ठरवत नाही, जेवणारे ठरवतात. शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी एक पत्र्याचा मग फिरतो. त्यात प्रत्येकानं आगपेटीची एक काडी टाकायची. अख्खी काडी म्हणजे पुढच्या हंगामाला हीच स्वयंपाकीण हवी, मोडलेली म्हणजे नको. भाषण नाही, चर्चा नाही. पहिली चोवीस वर्षं विनीच्या मगात मोडकी काडी क्वचितच निघाली. गेल्या साली चार निघाल्या. तिचं वय तेव्हा सदुसष्ट, आणि एका सकाळी लापशी वीस मिनिटं उशिरा आली होती.

कातरणीचा दिवस घंटेवर चालतो. साडेसातला यंत्रं सुरू, साडेनऊला चहा, बाराला जेवण. दोन तास वाकून मेंढ्या कातरलेल्या माणसाला साडेनऊला चहा मिळाला नाही तर तो माणसात राहत नाही. यंदा हंगाम सुरू होताना मुकादम डंकर्ली तिच्याकडे आला आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"विनी, पोरं कुरकुरतायत."

"पोरं कायम कुरकुरतात. माझ्या मटणावर कुरकुरतात का?"

"मटणावर नाही. वेळेवर. यंदा एकदा जरी उशीर झाला ना, तर मग माझ्या हातात काही नाही."

विनी बटाटे सोलत राहिली. ब्रोकन हिलला बहिणीच्या घरामागं एक खोली होती, तिथं तिची ट्रंक पडलेली असायची. टोळी सुटली की ती खोली. त्या खोलीत ती कधी दोन आठवड्यांवर टिकली नव्हती. तिथं बसून बसून मरायचं, या विचारानं तिला सापापेक्षा जास्त घाम फुटायचा.

शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती लाकडं आणायला मागं गेली. चहाबरोबर द्यायचे स्कोन, म्हणजे छोटे पाव, भट्टीत होते, चहाचं पाणी उकळत होतं. खालचा ओंडका ओढला आणि घोट्याच्या वर काहीतरी बोचलं. काटकी असेल म्हणून तिनं खाली पाहिलं, तर झाडूच्या दांड्याएवढा तपकिरी साप ढिगाच्या पलीकडे सरकत होता. कातडीवर दोन बारीक ओरखडे, रक्ताचा एक थेंब. दुखत तर मुळीच नव्हतं.

ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. आपण काय करायचं हे त्या अख्ख्या मुलखात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. इथंच आडवं व्हायचं आणि हाका मारायच्या. पण कातरणीची शेड दोनशे पावलांवर, आणि यंत्रांच्या घरघरीत तिची हाक कुणाला ऐकू जाणार होती? खरं म्हणजे हीसुद्धा सबबच होती. पत्र्याच्या डब्यावर पळी बडवली असती तर कुणीतरी आलं असतंच. तिच्या मनात तो पत्र्याचा मग होता आणि मगातल्या काड्या होत्या. पूर्वी एकदा तिला असाच चावला होता आणि विष अंगात गेलंच नव्हतं. तपकिऱ्या पुष्कळदा कोरडाच चावतो. तिनं तेवढं धरून ठेवलं. मग ती उठली आणि स्कोन बाहेर काढले.

एका हातात चहाची बादली आणि दुसऱ्या हातात टोपली घेऊन ती निघाली. मध्येच डोकं ठणकायला लागलं. तिनं पाऊल हळू केलं नाही, उलट जरा उचललंच. नऊ अठ्ठावीसला बादली शेडमधल्या फळीवर होती. घंटा झाली, यंत्रं थांबली, गडी पाठी चोळत रांगेत उभे राहिले. तिनं लेनला चहा ओतला, मग आणखी दोघांना. चौथा केल होता.

"विनी, तुझ्या दातातून रक्त येतंय."

"जीभ चावली. तुझा मग पुढं कर."

त्यानं मग पुढं केला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हा ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "केल, गडबड करू नकोस. मला तपकिऱ्या चावलाय. पंचवीसेक मिनिटं झाली असतील."

आणि ती जी कोसळली, ती चहाच्या बादलीसकट.

पुढचं सगळं त्यांनी तिनंच शिकवलं होतं तसं केलं. लोकर पसरायच्या टेबलावर तिला आडवं घातलं. केलनं बोटांपासून पट्टी गुंडाळली आणि झाडूचा दांडा बांधला. डंकर्ली वायरलेसवर डॉक्टरच्या विमानाशी बोलला. तास लागेल म्हणाले. धावपट्टीवर तीनशे मेंढ्या होत्या. त्या हाकलायला अकरा माणसं घामानं निथळत धावली. लेन मुडी धावता धावता रडत होता, आणि ते त्यानं लपवलंही नाही. विनीला मध्येच शुद्ध आली तेव्हा केल तिचा पाय दाबून धरून बसला होता.

"हलू नकोस, म्हातारे."

"चहा मिळाला का सगळ्यांना?"

विमान उतरेपर्यंत केलनं पाय सोडला नाही.

ती वाचली. दोन दिवस काही खरं नव्हतं, रक्त गोठतच नव्हतं. मग औषध लागू पडलं. रविवारी दुपारी केल इस्पितळात आला, धुतलेला सदरा घालून, केस पाणी लावून बसवलेले. खुर्चीत अंग चोरून बसला. विनीनं त्याची टोपीशी चाललेली चाळवाचाळव थोडा वेळ पाहिली.

"शुक्रवारी मग फिरला असेल."

"फिरला."

"किती मोडक्या?"

केलनं खिडकीकडे पाहिलं. "सगळ्या."

तिला आधी कळलंच नाही. ती उशीवरून उठायला गेली. "सगळ्या? मला उशीर झाला नव्हता, केल. नऊ अठ्ठावीसला बादली फळीवर होती. घड्याळ बघितलंय मी."

"तेच तर, बाई."

"तेच तर म्हणजे काय?"

"तू आडवी पडून बोंबलली असतीस, आम्हाला दुपारपर्यंत चहा मिळाला नसता, तर बाराच्या बारा काड्या अख्ख्या पडल्या असत्या. आईची शपथ. पण तू अंगात विष घेऊन आलीस आणि आम्ही रांगेत मग पुढं करून उभे. लेन म्हणतो, तो चहा त्याच्या घशात अजून अडकलाय. पुन्हा तुझ्या हातचं खायची आमची हिंमत नाही. पुढच्या खेपेला तू टेबलावर वाढता वाढता मरशील, आणि आम्ही म्हणू, मीठ कमी आहे."

"तू पण मोडलीस?"

"पहिली माझीच."

विनी भिंतीकडे वळली. साप चावला तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. आता आलं, आणि ते थांबेना. केलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. पुष्कळ वेळानं तिनं चादरीला नाक पुसलं आणि विचारलं, "मग आता सकाळी उठून मी करू काय, केल?"