पाच खाचांचा चोक

"लॉस्ट!"

रेफरी चौथ्यांदा ओरडला आणि माझं डोकं फिरलं. चकतीवरून धूळ उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे छर्रे लागले होते. पण ट्रॅप नावाच्या या खेळात हवेत फेकलेली मातीची चकती बंदुकीनं फोडायची असते, नुसती धूळ चालत नाही. चकतीचा निदान एक तुकडा तुटलेला दिसावा लागतो. नाही दिसला तर 'लॉस्ट', म्हणजे शून्य.

नेम धरून उभी होती मंजू. चिमूरकडे वनरक्षक आहे. घर गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या गावात. सुट्टी जुळली की दोन एसट्या बदलून चंद्रपूरला आमच्या क्लबात सरावाला यायची. पंचवीसपैकी वीस-एकवीस चकत्या सहज फोडायची. त्या दिवशी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. पंचवीस-पंचवीसच्या तीन फेऱ्या, आणि वरचे दोघं संघात. पहिल्या फेरीत तिच्या अकराच फुटल्या.

मी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. रिटायर झाल्यावर क्लबच्या बंदुका सांभाळतो. त्या सकाळी चकत्या फेकणारं मशीन अडकलं होतं, म्हणून मी फेरी सुरू होईपर्यंत समोरच्या खड्ड्यात पाना घेऊन बसलो होतो. वर येऊन पाहतो तर हा तमाशा.

मंजू लाइनवरून मागे आली. तिनं बंदूक उघडून रॅकला लावली आणि खाली मान घालून उभी राहिली. आमचे सेक्रेटरी तिथेच होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सगळे साहेबच म्हणतात. मीही म्हणतो. ते सगळ्यांदेखत सुरू झाले.

"हे काय चालवलंयस? क्लबची एकच चांगली बंदूक, ती तुला दिली. तुझ्या हाताला जड होत असेल तर सांग. पुढच्या सीझनला दुसऱ्याला देतो. आणि आता उरलेल्या दोन फेऱ्या मारून हसं करून घेऊ नकोस. नाव काढून घे."

मी बंदूक हातात घेतली. वर-खाली दोन नळ्यांची बारा बोअर. तोंडाकडून पाहिलं आणि मला कळायचं ते कळलं.

इथे थोडं समजावून सांगतो. शॉटगनच्या काडतुसात एक गोळी नसते, बारीक छर्रे असतात. नळीच्या तोंडाशी आतून एक आवळ नळी बसवतात, तिला चोक म्हणतात. फवारणीच्या पंपाचं नोझल आठवा. आवळलं की धार लांब जाते, सैल केलं की जवळच पसरते. छर्र्यांचं तेच. स्कीट नावाच्या खेळात चकती जवळून आडवी जाते, तिथे खुला चोक बरा. ट्रॅपमध्ये चकती तुमच्यापासून दूर पळते, तिथे घट्ट चोक लागतो. कुठला चोक किती घट्ट, ते त्याच्या कडेवरच्या खाचांवरून ओळखायचं. एक खाच म्हणजे फुल, सगळ्यात घट्ट. दोन म्हणजे इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड, तीन मॉडिफाइड, चार इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. पाच खाचा म्हणजे सिलिंडर, त्यात गळा आवळलेलाच नसतो.

मंजूच्या बंदुकीत मी खालच्या नळीत दोन खाचांचा आणि वरच्या नळीत एका खाचेचा चोक बसवला होता. पहिला बार खालून, दुसरा वरून, तोवर चकती आणखी लांब गेलेली असते म्हणून. आता दोन्हीकडे पाच-पाच खाचा होत्या.

"चोक कोणी बदलले?" मी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "तू खड्ड्यात होतास तेव्हा. ट्रॅपला कडक चोक लागतो एवढं मलाही समजतं. तू एक नि दोनचे लावून ठेवले होतेस. मी पाचचे लावले."

"साहेब, एक खाच कडक असते. पाच म्हणजे एकदम खुला."

"उलटं कसं असेल? खांद्यावर स्टार वाढले की अधिकारी मोठा का लहान?"

मी कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं. नळीच्या तोंडाला यांनी बढती देऊन टाकली होती! न विचारता माझी पेटी उघडली, चाचणीच्या दिवशी दुसऱ्याची बंदूक खोलली, आणि वर तिलाच बोल लावत होते.

"रेफरी, पुढच्या फेरीला वेळ आहे का?"

"अर्धा तास," तो म्हणाला.

बाजूच्या पट्टीवर, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यासमोर, आम्ही बंदुका तपासतो. मी तिथे फळीवर वर्तमानपत्रं चिकटवली. पस्तीस मीटरवरून पाच खाचांच्या चोकनं एक बार मारला. मग चोक बदलला आणि दुसऱ्या कागदावर एका खाचेचा. साहेबांना जवळ बोलावून त्यांच्या हातात एक साबूत चकती दिली.

"ठेवा पहिल्या कागदावर. कुठेही."

त्यांनी ठेवली. तिच्याखाली एकच छिद्र आलं. सरकवली, तर एकही नाही. अख्खी चकती आरामात निसटून जाईल अशा मोकळ्या जागा त्या कागदावर जिकडेतिकडे होत्या. दुसऱ्या कागदावर मधोमध ठेवली, तिथे छिद्रं मोजायची गरजच नव्हती.

साहेबांनी चकती माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "तसं पेटीवर लिहून ठेवायला नको का? ही चूक तुझी आहे."

मी म्हणालो, "आता पोरीले फेरी मारू द्या, साहेब. चूक कोनाची ते मंग पाहू."

रेफरीनं हरकत घेतली नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये चोक बदलता येतो. मी जुने चोक बसवले. मंजूनं दुसऱ्या फेरीत एकवीस फोडल्या, तिसऱ्या फेरीत बावीस. चकत्या अशा फुटत होत्या की रेफरीला निरखून पाहावं लागत नव्हतं. पण पहिल्या फेरीचे अकरा अकराच राहिले. एकूण चोपन्न. दुसऱ्या नंबरवाल्याचे छप्पन्न.

दोन चकत्यांनी मुलीचं वर्ष गेलं. बंदूक तेवढी तिच्याकडे राहिली, कारण ते कागद मी कमिटीच्या टेबलावर नेऊन आपटले. साहेबांनी बैठकीच्या मिनिट्समध्ये 'आर्मोररचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. मी सही केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी मंजू बस स्टँडवर जायला निघाली, तेव्हा मी साहेबांच्या नावानं बोटं मोडत होतो. ती म्हणाली, "भाऊ, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाच खाचा खुल्या रायतात ते. तुमीच तं शिकवलं. साहेब लावून राह्यले होते तवा मी बाजूलेच उभी होती."

मला आधी खरंच वाटलं नाही. "मंग काऊन नाई बोलली? पंचवीस चकत्या तशाच मारल्या?"

"साहेबाले कसं म्हणू, भाऊ? तुमी तरी कधी नाई म्हणता त्याहिले?"

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साहेबांना चोकमधलं काही कळत नाही हे मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. ते पेटीला हात लावायचे तेव्हा मी 'जी साहेब' म्हणून बाजूला सरकायचो. नोकरीभर सरकतच आलो. मंजू खाचा शिकली आणि ते सरकणंही शिकली. दिवसभर साहेबांचा राग होता, बस निघून गेल्यावर माझाच आला, आणि तो काही अजून गेलेला नाही.

आता क्लबात कोणी नवं शिकायला आलं की पाच खाचा म्हणजे खुला, एक म्हणजे घट्ट, हे आधी घोकवून घेतो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच खाचांचा चोक बसवतो, बंदूक हातात देतो आणि दरडावून सांगतो, "जा, ट्रॅप मार." जो 'जी भाऊ' म्हणून लाइनवर जातो, त्याला परत बोलावतो. धडा पुन्हा पहिल्यापासून.