मामांच्या फोनातली हाळी

शिरूरच्या बाहेर, नगर रोडला एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघत होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. फोनला अजून बटणं असायची, तो काळ. कोणाचा प्रिंटर अडकला, कोणी पासवर्ड विसरला, की मला बोलावणं यायचं. मी कासुर्डीचा, वयाने सगळ्यांत लहान, पण इंग्रजी वाचतो म्हणून सगळ्यांत शहाणा, असा तिथे समज होता. माझाही तोच होता.

स्टोअर सांभाळणारे गृहस्थ निमोण्याचे. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडिलांचा उभा जन्म कळपामागे हिंडण्यात गेला. पुढे शेताला पाणी आलं, मेंढरं विकली आणि मामा कारखान्यात चिकटले. कुठल्या रॅकवर कुठला नट आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, पण कॉम्प्युटरसमोर बसवलं की ते हात मांडीवर ठेवून देवळात बसल्यासारखे बसायचे.

एके दिवशी हेड ऑफिसने फर्मान काढलं की माल निघाल्याचे मेल स्टोअरवाल्यांनी आता फोनवरच बघायचे. साहेब लोकांना कंपनीने फोन दिले होते. मामांसारख्यांनी आपला स्वतःचा आणायचा होता. मामांनी आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यात काय बसवायचं ते बसव म्हणाले. फोनमधलं मूळचं मेल कंपनीच्या खात्याशी जुळेना, म्हणून मी दुसऱ्याच कोणाचं तरी मेलचं ॲप्लिकेशन त्यात टाकलं. सर्व्हरचं नाव भरलं. पासवर्ड विचारला, तर तो मामांनी एवढ्या विश्वासाने सांगितला की पलीकडच्या खोलीतही ऐकू गेला असेल.

शेवटी स्क्रीनवर इंग्रजीतला एक लांबलचक मजकूर आला. त्यात काय आहे हे मला माहीत होतं. हे खातं जोडलंत, तर कंपनीला वाटेल तेव्हा या फोनमधलं सगळं पुसता येईल, मान्य आहे का, असं त्यात विचारलं होतं.

"काय म्हनतंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा, नेहमीचंच," असं म्हणून मी ओके दाबलं.

आमच्या भागातली ही रीतच आहे. सोसायटीत जा नाहीतर तहसीलात, माणूस सही कुठं करायची एवढंच विचारतो. कागदात काय लिहिलंय असं विचारलं, तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. नंदीबैलासारखी मान डोलवायची आणि घरी जायचं. मामांनी मात्र विचारलं होतं. त्यांच्या वाटची मान मीच डोलवून टाकली.

पहिला मेल टुणकन वाजला तसे मामा खूष झाले. आणि खूष झाल्यावर माणूस आपल्याकडचं काहीतरी दाखवतो, तसं ते म्हणाले, थांब, तुला एक ऐकवतो. त्यांचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. आदल्या आठवड्यात दारावरून कुणाचा तरी कळप चालला होता, तर म्हाताऱ्याने खाटेवरून मेंढरांना घालायची जुनी हाळी घातली. वीस वर्षांनी. मामा सांगत होते की रस्त्यावरची परकी मेंढरं थबकली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. मग मामांनी फोनचं रेकॉर्डिंग लावून तो पुढे धरला आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तेवढं एकदाच म्हातारे म्हणाले, त्यानंतर नाही.

मामांनी ते लावलं तेव्हा मी दुसऱ्या खात्याचा सर्व्हर तपासत होतो. "छान आहे," असं म्हणाल्याचं मला आठवतं.

पुढच्या वर्षी म्हातारे गेले. त्यांना वर्ष भरत आलं तेव्हा मामा निवृत्त झाले. शाल आणि नारळ झाला, जिलेबी झाली. दुसऱ्या दिवशी मी हेड ऑफिसची यादी समोर घेऊन बसलो. सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करा, फोन पुसा. तोवर सोडून गेलेले सगळे साहेबच होते आणि त्यांचे फोन कंपनीचे होते. हाताला तीच सवय होती. नुसतं खातं तोडायचं बटण शेजारीच होतं. मी यादीत लिहिलेलं दाबलं आणि खूण करून चहाला गेलो.

तिसऱ्या दिवशी मामा एसटीने आले. फोन रुमालात गुंडाळून आणला होता. बाजारातल्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की फोन बिघडलेला नाही, नव्यासारखा कोरा झालाय. आठ दिवसांवर वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. दौंडला दिलेली लेक येणार होती. आजा गेला तेव्हा ती बाळंतीण होती, तिला येता आलं नव्हतं. तिला ती हाळी ऐकायची होती, म्हणून मामांना फोनमधलं तेवढं परत हवं होतं.

मी दुपारपर्यंत झटलो. मेमरी कार्ड काढून पाहिलं, फोन कॉम्प्युटरला जोडून पाहिला. आवाज कार्डात नव्हताच, फोनच्या मेमरीत होता आणि तिथे आता काही उरलं नव्हतं. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं. तो इंग्रजी मजकूर काय होता तेही सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

"म्हंजी माझ्या वाटचं व्हय तू म्हनला व्हतास," मामा म्हणाले. "तू ऐकली व्हतीस न्हवं हितं बसून? शेवटाला आवाज वर जायचा का खाली? घरी मी सारखा घालून बघतुय. सुरवात जमती, शेवट ध्यानात यीना."

मला खोटं बोलता आलं असतं. वर जायचा म्हणालो असतो, तर त्यांनी तसा घातलाही असता.

"मामा, मी त्या दिवशी नीट ऐकलंच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. फोन पुन्हा रुमालात गुंडाळला आणि उठले. स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो, तर नको म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"पोरीला सांगतो, फोन पान्यात पडला. तुझं नाव कशाला घ्यायचं. चालंल न्हवं?"

मी हो म्हणालो.