शतपावली आणि हंगेरियन पाहुणा

ऐंशीच्या दशकात सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एक हंगेरियन पाहुणा राहून गेला. चार पायांचा.

शेजारी एक हंगेरियन आजोबा राहायचे, एकटेच. मायदेशाहून खटपटी करून आणलेला हा शिकारी कुत्रा हाच त्यांचा संसार. जातीचं नाव ‘मॅज्यार अगार’. मला पहिल्यांदा ऐकताना एस.टी.चं आगारच डोळ्यांसमोर आलं. क्लीव्हलंडला राहणारी त्यांची बहीण आजारी पडली, म्हणून आजोबा पट्टा माझ्या हातात देऊन निघाले. जाताना सूचना: अंगावर मांस कमी, त्यामुळे जमिनीवर झोपवायचं नाही, सोफा द्यायचा. डोकं मानेएवढंच अरुंद, म्हणून पट्टा रुंदच हवा, नाहीतर निसटतो. खार दिसली की तो कुणाचा नाही, म्हणून मोकळा सोडायचा नाही. आवाज चढवायचा नाही, मनाला लावून घेतो. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला आधी सांगायचं, याला औषध बेताने. आणि जेवल्यावर त्याला पडू द्यायचं.

मी सगळ्याला मान डोलावली. शेवटची सूचना मला आळशीपणाची वाटली.

बायकोचं लक्ष भलतीकडेच. “अहो, बरगड्या दिसताहेत हो! त्या आजोबांना स्वतःला धड रांधता येत नाही, याला काय घालणार?”

“ती जातच तशी आहे. धावणारी.”

“तुम्हीही लग्नात असेच होतात. धावताना कधी पाहिलं नाही.”

रविवारी माझा मित्र जेवायला आला. हृदयाचा डॉक्टर, मूळचा नागपूरचा. चार पायांच्या पाहुण्याला आग्रह करायला आता तिघं झालो. वरणभात, वर तूप, पुन्हा भात, पुन्हा तूप. त्याने ताटली चाटून जागची हलवली. मग सोफ्याकडे निघाला, तर मी पट्टा घातला. जेवून लगेच आडवं होणाऱ्याला आमच्या घरी अजगर म्हणत. सुपारी तोंडात टाकून आम्ही दोघं मित्र त्याला घेऊन शतपावलीला निघालो. शंभर पावलं आम्ही घातली असती. पण खार दिसली आणि पुढची त्याने घातली. लॉनभर. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला.

घरी आल्यावर तो बसेना. एरवी दिवसभर सोफ्यावर सांडलेला प्राणी किचनपासून बाल्कनीपर्यंत येरझारा घालू लागला. थांबायचा, मान खाली घालून ओकाऱ्या काढायचा. फेसाशिवाय काही नाही. परत चालायला लागायचा. त्याच्यामागे मी, माझ्यामागे बायको.

“गॅस आहे यार,” मित्र सोफ्यावरून म्हणाला. त्याला तो आता मोकळाच मिळाला होता.

गॅस म्हटल्यावर मला बाळंतिणीच्या घरचा उपाय आठवला. गरम पाण्यात हिंग कालवला आणि कुत्र्याची बेंबी शोधायला जमिनीवर झोपलो. ती काही सापडेना, म्हणून अंदाजाने सगळीकडे लावला. मित्र खो खो हसत मदतीला वाकला, सवयीने त्या पोटावर बोटाने टिचकी मारली, आणि हसायचा थांबला. पोट डग्ग्यासारखं वाजलं होतं.

“गाडी काढ. आत्ता.”

रविवारी उघड्या असणाऱ्या दवाखान्यात जनावरांची डॉक्टरीण होती. तिने विचारलं, “जेवल्यावर काय केलंत?”

“वॉकला नेलं,” मी म्हणालो.

“जेवल्यावर?”

मित्र स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. तिने हाताने दाखवलं: छाती खोल, कंबर बारीक, त्यात भरलेलं पोट झोपाळ्यासारखं लोंबतं. धावलं की हवा भरते, आणि पीळ पडला की कुत्रा जातो. एक्स-रेत अजून पीळ नव्हता. नळी घालून हवा काढायची, त्यासाठी थोडी भूल द्यावी लागेल.

“बेताने!” मी ओरडलो. “याच्या अंगात चरबी नाही. मालकांनी सांगितलंय.”

ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि सिरिंजमधलं औषध कमी केलं. सगळ्या सूचनांपैकी तेवढी एक वेळेवर आठवली.

मग बाहेर आम्ही तिघं येरझारा घालत राहिलो. भिंतीवर फोन होता. खिशातली नाणी मी मुठीत धरून गरम केली, पण क्लीव्हलंडला काय सांगणार? तुमचा संसार आम्ही तूप घालून फोडला?

“बसा ना जरा,” बायको म्हणाली, चालता चालता.

दार उघडलं. “हवा निघाली. आज रात्री इथेच ठेवते,” डॉक्टरीण म्हणाली. “पण त्याच्या पोटाला काय लावलंय? सगळी खोली घमघमतेय.”

आजोबा परतले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. ते गुडघ्यांवर बसले, कान कुत्र्याच्या पोटाला लावला, बराच वेळ. मग पट्टा घेतला आणि गेले. आठवडाभर त्यांचं दार उघडलं की मी आमचं लावून घ्यायचो.

पुढे बहिणीसाठी त्यांना पुन्हा जावं लागलं. दारावर टकटक झाली. मी हात पुढे केला. पट्टा बायकोच्या हातात गेला.

“जेवल्यावर याला बाहेर सोडायचं नाही,” आजोबा माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले. “आणि कुत्र्यालाही नाही.”