पेढ्यांच्या ताटामागचा मधुमेही

धारहून देवासला भाचीच्या साखरपुड्याला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या कुमुदने निघण्याआधीच अट घातली. खाल्ल्यावर दोन तासांनी तिच्या पर्समधल्या मशीनवर आकडा दोनशेच्या वर गेला, तर यापुढे माझे प्रवास बंद. मधुमेह आणि भटकंती यांतलं एकच चालेल म्हणाली. मी लगेच कबूल झालो. अटी कबूल करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

सकाळी साडेसातची बस पकडली. रस्ता चांगला आहे. इंदूरपर्यंत दोन तास, तिथून दुसऱ्या बसने देवास आणखी तासभर. दोघांचं जायचं भाडं तीनशेच्या आसपास. मधुमेहींनी एवढंच लक्षात ठेवावं, की या वाटेवर जिथे उतराल तिथे पोहे-जिलेबी तुमच्या आधी पोचलेली असते.

दहा वाजता इंदुरात सँडविच खाल्लं. काकडी, टोमॅटो, पनीर. बटाटा नको, गोड चटणी नको, शेव तर नकोच. गाडीवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "भिया, फिर इसमें बचा क्या?" ब्राउन ब्रेड म्हणून रंगवलेला मैदाही मिळतो, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घ्यावीत. कुमुदने ती चष्मा लावून वाचली, तोवर मागे रांग लागली. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती, पण मी शहाण्यासारखं सगळं संपवलं.

देवासला ताईकडे पोचलो, तर पेढे वाटायला माणूस शोधणं चाललं होतं. ताईने ताट माझ्याच हातात दिलं. ज्याला खायचे नाहीत त्याच्याकडे पेढे सुरक्षित, हा तिचा हिशेब. दीडशे पाहुण्यांच्या हातावर मी एकेक पेढा ठेवला, आणि निम्म्यांनी तरी मलाच आग्रह केला, की एकाने काय होतंय. मी एकही खाल्ला नाही. आयुष्यात प्रथमच इतका सरळ वागलो आणि त्याचा मला गर्वही झाला.

बारा वाजता कुमुदने बोट टोचलं. आकडा आला तीनशे सत्तेचाळीस.

"किती खाल्ले?"

"एकही नाही."

"मग काय, वासाने वाढली?"

मला रडू यायचंच बाकी होतं. जमलेल्या बायकांनी पेढे खात खात निकाल दिला, की पुरुषांचं असंच असतं. तेवढ्यात खातेगावहून आलेल्या, नवऱ्या मुलाच्या मावशी पुढे झाल्या. त्या नर्स आहेत. "मामाजी, हाथ धोए थे क्या? पेढ्याच्या बोटावर मशीन पेढ्याचीच शुगर सांगेल ना." साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे बावन्न. तेव्हा वाचकहो, आधी हात धुवावेत आणि मगच सुई लावावी.

 घरी आल्यावर कुमुद म्हणाली, "दिवाळीला आकडा चढला तेव्हाही तुम्ही गोड खाल्लं नाही म्हणून शपथ घेऊन सांगत होतात, आणि मी महिनाभर धड बोलले नाही. तेव्हाही हातच खराब असणार. माझं चुकलं." मी मान डोलावली. प्रवासही वाचले आणि वर माफीही मिळाली.

याला आठ दिवस झाले. आता ती मशीन माझ्याच हाती देते, तुम्हीच बघा म्हणते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आमच्या पोरांना मराठी वाचायचा कंटाळा, पण कुमुद हा ब्लॉग दर रविवारी न चुकता वाचते. तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो. कुमुद, दिवाळीला माझे हात स्वच्छ होते.