तेंदूपत्त्याएवढी फट

फुलचूरच्या मैदानात सकाळी फिरायला गेलो की तो माणूस दिसायचा. साठीचा, उकिडवा बसलेला आणि समोर रिमोटवर चालणारा हातभर लांबीचा ट्रक. त्यातलं पेट्रोलचं इंजिन काढून त्यानं बॅटरीची मोटर बसवली होती, पण जुना डिस्क ब्रेक तसाच ठेवला होता. ब्रेकची पट्टी आणि चकती यांच्यामध्ये तो तेंदूपत्त्याचा तुकडा सरकवायचा, स्क्रू आवळायचा आणि पान ओढून बघायचा. पान फाटलं तर चाक घासणार, सुळकन निघालं तर ट्रक थांबणार नाही. मग आखलेल्या चुन्याच्या रेघेवर बरोबर थांबवायला ट्रक पळवायचा. ट्रक रेघेपुढे जाऊन थांबायचा आणि हा परत उकिडवा बसायचा.

एकदा मी विचारलं, "आता मोटरच ब्रेक मारते ना? मग हा कशाला ठेवला?"

"ट्रक पोट्ट्याचा होता. थो गेला," मान वर न करता तो म्हणाला. "त्याच्या हातचा हा ब्रेकच राह्यला. इंजिन तं काढाच लागलं. ते वाजलं का त्याची माय दारात जाऊन उभी राहे."



गेल्या आठवड्यात ट्रक बरोबर रेघेवर थांबला. मी टाळी वाजवली. तो ट्रकजवळ गेला. मग खाली बसून त्यानं स्क्रू दोन आटे सैल केला.

"अहो, जमला होता ना!"

"जमला तं," तो म्हणाला, "उद्या कायले येऊ?"