दह्याच्या बादल्यांचा तपास

नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता पुसट झाले आहेत. पण निवृत्तीनंतर, माझ्या हद्दीपासून समुद्रापार, ऑकलंडमध्ये केलेला एक तपास मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातला संशयित होता माझा स्वतःचा जावई.

मी आणि सौ. तेव्हा माउंट रॉस्किलला मुलीकडे राहायला गेलो होतो. खबर मिळाली सँडरिंगहॅमच्या एका मिठाईच्या दुकानात. जिलबी बांधता बांधता दुकानदाराने सहज विचारलं, तुमचे जावई आमच्याकडून दह्याच्या रिकाम्या बादल्या नेतात, काही धंदा काढताहेत का? आपण खबर देतोय हे ज्याला कळतही नाही, त्याची खबर पक्की असते. जावई आयटीतला माणूस. त्याला बादल्या कशाला हव्यात?

मुलगी-जावई कामावर गेल्यावर मी गॅरेजची पाहणी केली. जुन्या चादरीखाली माल सापडला. सहलीला बर्फ भरून नेतात ती पेटी, जिला तिकडे चिली बिन म्हणतात, तिला खाली तोटी बसवलेली. दोन झाकणबंद बादल्या, एकीच्या झाकणातून वाकडी नळी बाहेर काढलेली. शिवाय मोड आणून वाळवलेल्या जवाची पिशवी. पिशवीत नाक घातलं आणि प्रकार ध्यानात आला. उभं आयुष्य ओढ्याकाठच्या हातभट्ट्यांवर छापे घालण्यात आणि पंचनाम्यात ‘कच्चे रसायन’ लिहिण्यात गेलं होतं. इथे भट्टी नव्हती, पण आंबवायची सगळी तयारी होती. जावई बिअर करणार होता.

धास्ती वाटली ती बादल्यांच्या छोट्या आकाराची. विकणारा माणूस पिंपं भरतो. ही सामग्री एकट्याला पुरेल एवढीच होती, म्हणजे घरातलं कोणीतरी एकटं बसून पिणार. दारूपायी मोडलेले संसार मी ठाण्याच्या बाकावर बसलेले पाहिले आहेत. त्या बाकावर मला माझी मुलगी दिसायला लागली.

पण लगेच झडप घालायची नाही, हा माझा नियम. मी एकेक वस्तू पुन्हा हातात घेतली. बादलीच्या तारेच्या कडीवर बागेच्या पाइपचा जाड तुकडा चढवला होता. तोटीला लाकडी पळीचा दांडा असा बांधला होता, की तळहाताने ढकलला तरी ती उघडावी. झाकण ओढायला कापडाचा फास होता. जावयाचे हात धडधाकट. ही सगळी सोय बोटं न मिटणाऱ्या माणसासाठी होती, आणि त्या घरात संधिवाताने बोटं आखडलेली व्यक्ती एकच होती, माझी बायको.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिची जबानी कधी घेतली नव्हती. ती डाळ निवडत होती, तिने मानही वर केली नाही. धान्य गाळायची पिशवी आपण शिवली, हे मात्र लगेच कबूल केलं.

“आणि कडी?”

“माप माझ्या हाताचं आहे, वस्तू माझी नाही. शेजारच्या आजोबांची आहे. त्यांचीही बोटं माझ्यासारखीच मिटत नाहीत.”

मग सगळं बाहेर आलं. कुंपणावरून रोज ‘किया ओरा’ असा तिकडचा नमस्कार करणारे ते गोरे आजोबा एकटेच राहायचे. बायको होती तेव्हा दोघं मिळून घरीच बिअर करायचे. ती गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. अलीकडे भरलेली बादली त्यांच्या हातून निसटली आणि ते स्वयंपाकघरात घसरून पडले. ज्या दिवशी मला माझी बिअर करता येणार नाही त्या दिवशी वृद्धाश्रमात जाईन, असं ते पूर्वी कधीतरी बोलून गेले होते. त्यांच्या मुलाने आता तोच शब्द धरला होता. तो पामर्स्टन नॉर्थहून त्यांना वृद्धाश्रमात न्यायला येणार होता. दुकानात मिळणारं सामान सगळं मोठं, भरलं की उचलेना. म्हणून जावई टाकाऊ वस्तूंतून छोटं बनवत होता. मुलासमोर आजोबांनी कुणाच्या मदतीशिवाय ते करून दाखवलं, तरच त्यांचं घर सुटणार नव्हतं.

“मग माझ्यापासून का लपवलंत?”

“तुमच्यापुढे दारूचं नाव काढायची कोणाची छाती आहे? पोरगी म्हणाली, बाबा परत गेले की देऊ. पण आजोबांचा मुलगा तोवर थोडाच थांबणार आहे?”

मला वाईट वाटलं, आणि हसूही आलं.

संध्याकाळी जावई समोर येऊन उभाच राहिला. घरापुरती बिअर करायला इथे मनाई नाही, हे त्याने आधी सांगून टाकलं. मी त्याला बसायला सांगितलं.

“सॉरी बाबा. तोटी अजून लीक होतेय, नाहीतर केव्हाच देऊन टाकलं असतं.”

मी तोटी पाहिली. रबरी वायसर फक्त बाहेरून होतं. आतूनही एक लाव म्हटलं. जप्त केलेली पिंपं कुठून गळतात, हे मी नोकरीत पोटभर पाहिलं होतं.

मुलगा आला त्या दिवशी आजोबांनी आम्हालाही बोलावलं. मुलगा गाडीची किल्ली हातात धरूनच उभा होता. आजोबा पेटीतल्या भरडलेल्या जवावर मगाने गरम पाणी ओतत होते, थोडं थोडं, दोन्ही हातांनी. माझा हात आपोआप पुढे गेला तेव्हा सौ.ने बाही ओढली. तासाभराने त्यांनी तळव्याने दांडा ढकलला, मधासारखं पाणी पातेल्यात उतरलं आणि खोलीभर धान्याचा वास पसरला. हॉप्सची कडसर फुलं घालून ते उकळलं, सिंकमधल्या गार पाण्यात निववलं आणि मगानेच बादलीत भरलं. शेवटी कडीखाली कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बादली ओट्यावर ठेवली. थेंबही सांडला नाही.

मुलाने किल्ली खिशात टाकली.

“डॅड, तयार व्हायला किती दिवस लागतील?”

“दोन-तीन आठवडे.”

“मग तेव्हा येतो. माझ्यासाठी एक बाटली ठेव.”

आजोबा आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तो एकच मग विसळत राहिले.

मुद्देमाल कोणाचा, हे शोधायला मला खात्याने शिकवलं. तो कोणासाठी आहे, हा प्रश्न पंचनाम्याच्या कुठल्याच नमुन्यात नव्हता. तो मला या तपासाने दिला. माणसाला स्वतःच्या घरात राहता यावं म्हणून कधी कधी एक जाड कडी पुरते, आणि ती बसवणारा आपल्याच घरात असतो. त्या दिवशी मला माझ्या जावयाचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

निघताना आजोबांनी माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं मिटली नाहीत, पण पकड मला कळली.