उभी राहणारी घोडी

"नाचते का?" लग्नासाठी घोडी ठरवायला आलेला माणूस आधी हेच विचारतो. आमचे काकाजी हातातला खरारा न थांबवता सांगायचे, "उभी राहाते."

समोरच्याला वाटे, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. तो पुन्हा विचारी. मग काकाजी म्हणत, "नाचाले कोनतीबी नाचते, भाऊ. तोंडात काटे घाला, तुम्हीबी नाचान." गिऱ्हाईक माझ्याकडे पाही आणि मी हसून विषय बदलत असे.

साकोलीत माझा लग्नाच्या घोडीचा धंदा होता आणि घोडी सांभाळायला पगारावर काकाजी होते. त्यांचे वडील मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घोडीवर बसून तलावांचे पाट पाहत हिंडायचे. वाटेतली बांबूची फाटकं घोडीवरूनच उघडायचे, पार होऊन तशीच लावायचे. काकाजी हे सगळं शिकले होते, पण वरातीत त्याचा काय उपयोग? तरी रोज सकाळी ते आमच्या आवाराचं फाटक घोडीवरून उघडून बाहेर पडत आणि वळून लावून घेत. सकाळच्या एसटीने साकोलीत उतरला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल: डोक्याला गमछा, लगाम ढिला, आणि घोडीशी सतत बोलणं.

नागपूरला एक स्पर्धा होणार होती. मी तिचा व्हिडिओ काकाजींना मोबाइलवर दाखवला. स्वार घोड्यावरून फाटक उघडत होते, लाकडी पुलावरून जात होते, ड्रमांमधून वळत होते, टेबलावरची सुरई उचलून परत ठेवत होते. पूर्वी गुरं राखताना घोड्यावरून जी कामं करावी लागत, त्यांचाच हा खेळ. पहिल्या फेरीत वेगाला किंमत नाही. काम किती शांतपणे झालं याचे मार्क.

"हे तं काम हाये," काकाजी म्हणाले. "कामाचे मार्क देते?"

"देते ना."

"कोन देते?"

"परीक्षक. बाहेरगावचे."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "म्हंजे आपल्याले ओळखत नाई असा मानूस. मंग जाऊ. एकदा तरी तिले मार्क भेटले पायजे." पुढचे तीन महिने दुसरा विषय नव्हता. माझ्याकडून त्यांनी एकच कबूल करून घेतलं: शेवटचे आठ दिवस घोडी लग्नाला द्यायची नाही.

आता मला माझ्याबद्दल लिहावं लागेल. स्पर्धेच्या तीन दिवस आधी काकाजी लेकीकडे लाखनीला गेले. त्याच दिवशी मोठ्या घरचे लोक दारात आले आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही. नवरदेवाच्या मित्रांना नाच हवा होता. काकाजींनी अडगळीत टाकलेला काटेरी लगाम मीच शोधून काढला, मीच चढवला आणि मारुतीच्या देवळापर्यंत मीच ओढत राहिलो. घोडी नाचली. लोकांनी माझी पाठ थोपटली. घरी आल्यावर तिच्या तोंडातलं रक्त मी मिठाच्या पाण्याने धुतलं.

दुसऱ्या दिवशी काकाजी परतले. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

नागपूरच्या मैदानावर डॉक्टरबाई प्रत्येक घोड्याचं तोंड तपासत होत्या. आमच्या घोडीपाशी त्या थांबल्या. "ही लगामाची जखम आहे. घोडी कोणाच्या हाताखाली असते?"

मी कागदपत्रं धरून शेजारीच उभा होतो.

"माझ्या," काकाजी म्हणाले.

बाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि घोडी बाद केली. मुक्या जनावराला असं वागवताना लाज कशी वाटत नाही, असंही त्या म्हणाल्या. काकाजी खाली मान घालून ऐकत राहिले.

सगळ्यांच्या फेऱ्या संपल्यावर ते परीक्षकांकडे गेले. "मार्क देऊ नका साहेब. फक्त एक चक्कर जाऊ द्या. तोंडात काईच घालत नाई." परवानगी मिळाली. घोडीच्या नाकावरून नुसता एक दोर. पूल झाला, ड्रम झाले. झेंडूच्या माळा लावलेल्या फाटकाशी मात्र ती थांबली ती हलेचना. मांडवाच्या दारात तिला भिजवलेली चणाडाळ मिळायची सवय. लोक हसले. काकाजी वाकून म्हणाले, "अवो बाई, इथं कोनाचं लगन नाई. चाल." ती निघाली. पार होऊन फाटक लागेपर्यंत त्यांचा हात फाटकावरून सुटला नाही. तोवर हसणं थांबलं होतं.

परतताना जवाहरनगरच्या फाट्यावर चहाला थांबलो. तिथे मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत हाये," काकाजी म्हणाले. "लाखनीवरून आलो तवाच दिसलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही सांगान म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

त्यांनी चहावर फुंकर घातली. "पन मले सांगून काय होते, भाऊ? कागदावर तं माझं नाव हाये."

मी घोडीचा ट्रक परत नागपूरकडे वळवला.

आम्ही पोचलो तेव्हा मंडप उतरवणं चाललं होतं. बाई गाडीत बसत होत्या. मी त्यांना आणि परीक्षकांना काय घडलं ते सांगितलं. बाईंनी कागद बाहेर काढला, काकाजींचं नाव खोडलं आणि माझं विचारून तिथे लिहिलं. मग त्या मला जे बोलल्या, ते आधीही काकाजींनी नव्हे, मीच ऐकायला हवं होतं.

महिन्याभराने परीक्षकांचा फोन आला. नागपुरात मुलांना घोडेस्वारी शिकवायला त्यांना काकाजी हवे होते. "घोडीबिगर कसा जाऊ?" काकाजी म्हणाले. मी घोडी त्यांच्या नावावर करून दिली. याला कोणी मोठेपणा म्हणू नये. त्यानंतर मी दुसरी घोडी घेतली नाही; आता मंडप आणि खुर्च्या भाड्याने देतो.

यंदाच्या स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, भेटले मार्क."

"किती?"

"एकसष्ट."

"कितीपैकी?"

"ते नाई इचारलं."

"अन नंबर?"

"तोबी नाई इचारला. तिले फिरवून राहिलो आता, घाम वाळू द्या लागते. ठेवतो."

काकाजींना फोन बंद करता येत नाही. ते तो तसाच खिशात टाकतात. मला टापांचा आवाज येत राहिला, संथ, एकसारखा. मग त्यांचा, घोडीशी बोलणारा: "सगळं बराबर केलं. पन तिसऱ्या ड्रमापाशी काहून घाई केली वं?" मी दारात बसून ऐकत राहिलो. फोन मीही बंद केला नाही.